आहे आणि असावा

दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह ही कल्पना आता कोणास फारशी नवलाची वाटत नाही. वर्षातून एकदोनदा तरी तशी बातमी वर्तमानपत्रात येते, सोबत दोन सूर्यास्तांचे रंगीत चित्र असते, आणि आमचे विद्यार्थी ती कातरून मोठ्या हौसेने भित्तिपत्रकावर डकवितात. त्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बातमीच्या क्रियापदाबद्दल. मूळ शोधकांनी पुष्कळदा ‘ग्रह असावा’ एवढेच म्हटलेले असते. बातमीत त्याचे ‘ग्रह आहे’ होते, आणि भित्तिपत्रकावर येईपर्यंत त्या ग्रहावर राहावयास जाण्याची तयारीही झालेली असते.

भाषेच्या शिक्षकाने आकाशात लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. परंतु प्रश्न जितका आकाशाचा तितकाच व्याकरणाचाही आहे. ‘आहे’, ‘असेल’ आणि ‘असावा’ ही एकाच क्रियापदाची तीन रूपे. जे पाहिले, पडताळले, त्याला ‘आहे’. जो नुसता तर्क, त्याला ‘असेल’. आणि जेथे काही पुरावा हाती आलेला आहे, पण तो अजून पुरेसा नाही, तेथे ‘असावा’. माझ्या घरी कोंकणी बोलतात. तेथे अशा वेळी आम्ही बहुधा ‘आसतलो’ या एकाच शब्दावर भागवितो आणि उरलेला अर्थ आवाजावर सोपवितो. मराठीने मात्र ‘असेल’ आणि ‘असावा’ यांच्यामध्ये एक बारीक रेघ ओढून ठेविली आहे. शास्त्राचे फार मोठे काम या रेघेच्या आसपास चालते, आणि त्याचे एक उत्तम उदाहरण, ज्याचा प्रारंभ आपल्या पुण्यात झाला, ते आपल्या लोकांस जवळजवळ अपरिचित आहे.

प्रथम जोडताऱ्यांविषयी थोडे. लग्नात वधूला अरुंधती दाखविण्याचा विधी सर्वांस ठाऊक आहे. सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी बिलगून असलेली अंधूक चांदणी ती अरुंधती. आधी मोठा वसिष्ठ दाखवावयाचा, नजर तेथे स्थिरावली की मग ‘त्याच्या शेजारी पाहा’ म्हणावयाचे. यावरून आपल्या शास्त्रकारांनी ‘अरुंधतीदर्शनन्याय’ असा एक न्यायच करून ठेविला : स्थूलावरून सूक्ष्माकडे जावे. गंमत अशी की ज्या वसिष्ठाला आपण स्थूल म्हणून दाखवितो तो दुर्बिणीतून पाहिल्यास स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो, आणि त्या दोहोंपैकी प्रत्येक पुन्हा जोड आहे. आपला सूर्य एकटा आहे म्हणून सर्व सूर्य एकटे असतील, हा आपला गैरसमज. आकाशात जोड्या विपुल आहेत. दोन तारे आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात, कोणी काही दिवसांत, कोणी शेकडो वर्षांत.

आता या न्यायाची पुढची पायरी. मोठा तारा दिसतो आणि धाकटा दिसतच नाही, असे असेल तर? तो न दिसताही ओळखता येतो. कारण तो मोठ्याला ओढीत असतो, आणि त्या ओढीने मोठ्याची वाट किंचित वाकडी होते. १८४४ साली बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने व्याधाच्या चालीतील हेलकावा पाहून त्याला अदृश्य सोबती असला पाहिजे असे सांगितले. दोनच वर्षांनी युरेनसची चाल चुकते यावरून लेव्हेरिये याने गणित केले, आणि त्याच्या गणिताने दाखविलेल्या जागेच्या अगदी जवळ बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला नेपच्यून सापडला. अदृश्याला गणिताने पकडता येते, या विश्वासाने त्या काळचे ज्योतिर्विद भारलेले होते.

त्यांपैकीच एक कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. हा मुंबई इलाख्याच्या सैन्यातील इंजिनियर. काही वर्षे त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केले आणि १८४२ साली पुण्यात स्वतःची एक छोटी वेधशाळा उभारली. वेधशाळा म्हणजे तरी काय, डॉलंडची पाच फूट लांबीची एक दुर्बीण. तिच्या साह्याने १८४५ ते १८४८ या काळात त्याने २४४ जोडताऱ्यांची मापे घेऊन यादी तयार केली. वृश्चिकेतील एक तारा दुहेरी नसून तिहेरी आहे, हे त्याने १८४७ साली येथूनच ओळखले. पुण्याचा पावसाळा ज्यांनी अनुभविला आहे त्यांस वर्षातून किती रात्री वाया जात असतील याची कल्पना येईल. पुढे त्याची नेमणूक ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास येथील वेधशाळेचा प्रमुख म्हणून झाली. तेथे त्याने एका ताऱ्याचा पिच्छा पुरविला.

तो तारा भुजंगधारी या तारकासमूहातील सत्तर क्रमांकाचा. दिवाळीच्या सुमारास अंधार पडल्यावर भुजंगधारी पश्चिमेकडे असतो. निरभ्र आणि काळोख्या जागेवरून हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण अंधूक. साध्या दुर्बिणीतून त्याचे दोन नारिंगी तारे वेगळे होतात. तो आपल्यापासून साडेसोळा प्रकाशवर्षांहून किंचित अधिक दूर आहे. म्हणजे दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्याने आज तो पाहिला तर डोळ्यांत शिरणारा प्रकाश जवळजवळ त्याच्या जन्माच्या वेळी तेथून निघालेला असतो. हे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी करतात. कक्षा लांबट असल्यामुळे कधी ते एकमेकांपासून शनी सूर्यापासून आहे त्याहून थोडे दूर असतात, तर कधी नेपच्यूनपेक्षाही दूर जातात.

जेकबच्या ध्यानात आले की यांतील धाकटा तारा गणिताप्रमाणे जेथे असावयास हवा तेथे तो नेमका नसतो. फरक अत्यल्प. किती अल्प ते आपल्या गावच्या मापाने सांगतो. असीरगड येथून सुमारे वीस किलोमीटर. त्याच्या तटावर दहा सेंटिमीटर रुंदीची एक वाटी ठेविली आणि बुऱ्हाणपुरातून ती पाहिली, तर ती कोनाच्या मापात एक सेकंद भरेल. जेकब ज्या फरकांमागे लागला होता ते या वाटीच्याही अंशांचे होते. दुसरा कोणी असता तर ‘माझी नजर चुकली असेल’ म्हणून त्याने आकडे गणिताशी जुळवून घेतले असते. जेकबने ते तसेच ठेविले, त्यांत काही नियमितपणा दिसतो का हे तपासले, आणि १८५५ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात निबंध लिहिला. या जोडीत एखादा अदृश्य ग्रह असण्याचा संभव फार मोठा आहे, असा त्याचा आशय. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाविषयी मोजमापांच्या आधाराने केलेले हे अगदी आरंभीचे प्रतिपादन होय, आणि ते हिंदुस्थानातून केले गेले.

तो ग्रह नव्हता.

जेकबचे मोठेपण याच वाक्यानंतर सुरू होते असे माझे मत आहे. हर्शेलने हा जोडतारा १७७९ साली प्रथम नोंदविला होता. १८५५ पर्यंत ७६ वर्षे झाली होती, आणि फेरी आहे ८८ वर्षांची. म्हणजे माणसाने या जोडीचे एक प्रदक्षिणाचक्रदेखील पुरते पाहिलेले नव्हते. अपुऱ्या कक्षेवरून काढलेल्या गणितात आणि निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या यंत्रांनी घेतलेल्या मापांत असा फरक पडणे अगदी शक्य होते. जेकबला या कच्च्या दुव्याची जाणीव होती. म्हणून त्याने ‘असावा’ म्हटले, ‘आहे’ म्हटले नाही. आणि मापे सर्वांपुढे मांडली, म्हणजे पुढे ज्याला खोडावयाचे असेल त्याला ती खोडता यावीत.

ही दुसरी गोष्ट किती महत्त्वाची आहे हे पुढच्या हकिकतीवरून दिसते. १८९६ च्या सुमारास अमेरिकेतील टी. जे. जे. सी या ज्योतिर्विदाने याच ताऱ्यात अदृश्य सोबती असल्याचे पुन्हा सांगितले, आणि या खेपेस ठणकावून सांगितले. १८९९ साली फॉरेस्ट मोल्टन या तरुण गणितज्ञाने दाखवून दिले की सी म्हणतो तशी तीन पिंडांची रचना टिकणारच नाही, ती विस्कटून जाईल. यावर सीने जे उत्तर पाठविले ते इतके जहाल होते की संबंधित नियतकालिकाच्या संपादकांस त्याच्या पुढील लेखनाला आवर घालावा लागला. ग्रह दोघांनाही मिळाला नाही. पण जेकबचे नाव आज ग्रहांच्या शोधाच्या इतिहासात आदराने घेतले जाते आणि सीचे नाव, पुष्कळदा, हसू दाबीत. १९४३ सालीही दोन संशोधकांनी छायाचित्रांवरून या जोडीत ग्रह असल्याचे सुचविले. तेही पुढील अचूक मापांपुढे टिकले नाही. जेकबच्या निबंधापासून आजवर त्या दोन ताऱ्यांच्या जवळजवळ दोन फेऱ्या होत आल्या. प्रत्येक वेळी मापे अधिक बारीक झाली आणि प्रत्येक वेळी ग्रह निसटला.

जेकबच्या शेवटाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. प्रकृतीच्या कारणाने तो मायदेशी परतला होता, पण पुण्याजवळच्या डोंगरावर उंच, स्वच्छ हवेत वेधशाळा करावी हा ध्यास सुटला नव्हता. १८६२ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी १००० पौंड मंजूर केले. तीन वर्षे काम करण्याचे कबूल करून, स्वतः विकत घेतलेल्या नऊ इंची दुर्बिणीच्या भरवशावर तो निघाला. ८ ऑगस्टला मुंबईस उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यास पोचताच वारला. वय अवघे ४८. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेत बेसेलच्या भाकितातला व्याधाचा सोबती प्रत्यक्ष दिसला होता. एकाचा ‘असावा’ त्याच्या मृत्यूनंतर ‘आहे’ झाला, दुसऱ्याचा झाला नाही. पुण्याजवळ डोंगरावर मोठी दुर्बीण बसावयास मात्र २००६ साल उजाडावे लागले. जुन्नरच्या बाजूस गिरवली येथे ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे.

मग जोडताऱ्यांना ग्रह असतात की नाहीत? असतात. येथे ‘आहे’ म्हणावयास हरकत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये केप्लर या अवकाश-दुर्बिणीच्या साह्याने हंस या तारकासमूहात एक जोडी जाहीर झाली. दोन्ही तारे सूर्याहून लहान, एकमेकांभोवती ४१ दिवसांत फिरणारे. आणि त्या दोघांभोवती मिळून सुमारे २२९ दिवसांत फेरी घालणारा शनीएवढा ग्रह. येथे नुसता हेलकावा नव्हता. ग्रह आळीपाळीने दोन्ही ताऱ्यांसमोरून जाई आणि त्यांचा प्रकाश तेवढ्यापुरता उणावे. तारे स्वतः हलते असल्यामुळे या ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होत, पण त्या सर्व वेळा एका हिशेबात चोख बसत. पुरावा असा चोहोकडून आला म्हणजे क्रियापद आपोआप बदलते.

याहून मला जवळची वाटते ती वृषपर्वा या तारकासमूहातील एका ताऱ्याची कथा. आणखी सुमारे हजार वर्षांनी आपल्या आजच्या ध्रुवाहून हा तारा उत्तर ध्रुवबिंदूस जवळ येईल, तेव्हा त्याला भावी ध्रुवच म्हटले पाहिजे. तो आपल्यापासून सुमारे ४५ प्रकाशवर्षे दूर आहे आणि तोही जोडतारा आहे. १९८८ साली कॅनडातील कॅम्पबेल, वॉकर आणि यांग या तिघांना त्याच्या गतीत हेलकावा आढळला. गुरूसारखा मोठा ग्रह असावा, असे त्यांनी सुचविले. चार वर्षांनी अधिक वेध हाती आल्यावर त्यांनाच शंका आली, की हा ताऱ्याच्या स्वतःच्या परिवलनाचा परिणाम असेल. आणि तीही त्यांनी छापून टाकली. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाच्या पहिल्या शोधाचा मान त्यामुळे हातचा गेला असे म्हणता येईल. २००३ साली सिद्ध झाले की ग्रह तेथे होताच; सुमारे अडीच वर्षांत तो आपल्या ताऱ्याभोवती फिरतो. जेकबने ‘असावा’ म्हटले आणि ग्रह नव्हता. या तिघांनी ‘नसेल’ म्हटले आणि तो निघाला. हाती जेवढे होते तेवढेच दोन्ही ठिकाणी लिहिले गेले. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हा शिक्षकांना या दोहोंपैकी कोणाला गुण द्यावेत हा प्रश्न पडेल, आणि तो पडावा म्हणूनच मी हा लेख लिहीत आहे.

आमच्या प्रयोगवह्यांकडे पाहा. हे कोणा एका शाळेचे दुखणे नव्हे. जेथे जेथे प्रयोगवही आहे तेथे ते आहे. पाणी उकळण्याचा प्रयोग घ्या. तापमापी उकळत्या पाण्यात धरली की विद्यार्थी वहीत १०० अंश लिहून मोकळा होतो. काही तर पाणी उकळण्यापूर्वीच लिहून ठेवितात. आता बुऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंच आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि पाणी थोडे लवकर उकळते. आपल्या गावी ते शंभराला उकळत नाही. ९९ च्या थोडे वर उकळते. शाळेची तापमापी स्वस्तातली, तिचाही अंशाएवढा फरक धरावा. तेव्हा ज्या मुलाने ९८॥ किंवा ९९ लिहिले त्याने बुऱ्हाणपूर लिहिले, आणि ज्याने १०० लिहिले त्याने माझ्या गावचा समुद्रकिनारा लिहिला, जो त्याने कदाचित पाहिलाही नसेल. पण लाल शाईचा फुलीचा फटकारा मिळतो तो पहिल्याला. पुढच्या खेपेस तोही शहाणा होतो.

पालक म्हणतील, गुणांचा प्रश्न आहे. मुलाच्या पुढील प्रवेशाचा प्रश्न आहे. ते खरे आहे, आणि गरिबाच्या घरी तर एकेक गुण मोलाचा आहे. मंडळाची परीक्षा आमच्या हातची नाही. परंतु शाळेच्या अंतर्गत गुणांवर शाळेचाच अधिकार असतो. त्यांपैकी काही गुण उत्तरासाठी नव्हे तर नोंदीसाठी राखून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्याने तीन वेळा माप घ्यावे, तिन्ही आकडे खोडाखोड न करता लिहावेत, ते पुस्तकाशी न जुळल्यास ‘असे का झाले असावे’ याविषयी दोन ओळी आपल्या भाषेत लिहाव्यात. त्या दोन ओळींना गुण द्यावेत. मराठीच्या तासाला मी त्या आनंदाने तपासून देईन; निबंधाच्या वहीत पाठ केलेल्या पावसाळ्याच्या वर्णनापेक्षा त्या निश्चित वाचनीय असतील. शास्त्राच्या शिक्षकांवर कामाचा बोजा वाढेल हे मी जाणतो. साठ-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात एकेक आकडा पडताळून पाहणे सोपे नाही. पण मग सर्वांचे उत्तर शंभर आले की आपल्याला संशय कसा येत नाही?

भित्तिपत्रकालाही हीच कसोटी लावता येईल. बातमी डकविण्यापूर्वी तिच्यातील क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारावी, आणि ते ‘आहे’ कोणी व कशाच्या आधाराने म्हटले हे बाजूस लिहावे. आरंभासाठी एक बातमी सुचवितो. आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांच्या कुटुंबातील ‘मित्र’ हा ठळक तारा नरतुरंग या समूहात आहे. तोही जोडतारा, अंतर सव्वाचार प्रकाशवर्षांच्या आसपास. त्यातील मोठ्या ताऱ्यापाशी ऑगस्ट २०२४ मध्ये जेम्स वेब अवकाश-दुर्बिणीला प्रकाशाचा एक अंधूक ठिपका दिसला. तो खरा असेल तर शनीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह असावा. २०२५ च्या फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये पुन्हा पाहिले तेव्हा तो दिसला नाही. कक्षेत फिरत तो ताऱ्याच्या फार जवळ गेल्यामुळे झाकला गेला असावा, असे गणित सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये शोधकांनी हे सारे, दिसले तेही आणि न दिसले तेही, प्रसिद्ध केले, आणि त्या ठिपक्याला ग्रह न म्हणता ‘उमेदवार’ म्हटले.

मित्र आपल्या गावाहून दिसतो. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास तापीकाठी अशा जागी उभे राहावे की दक्षिणेला झाडे किंवा घरे आड येणार नाहीत. हात लांब करून क्षितिजावर मूठ टेकविली तर तो मुठीच्या वरच्या कडेपेक्षा थोडा खालीच सापडतो. उन्हाळ्याच्या धुळीतून त्याचा रंग तांबूस वाटतो, आणि तासाभरात तो खाली उतरू लागतो.